डिक्कीतलं थंड पाणी

आमच्या दादाला बायको मिळत नव्हती, म्हणून त्यानं गाडीच्या इंजिनाला थंड हवा द्यायचं ठरवलं. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं कुणी विचारलं की तो चिडायचा. त्याच्या डोक्यात तो लख्ख होता. बाकीच्यांच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला, आणि पडला तोवर उशीर झाला होता.

ते दिवस आमच्या भागाचे वाईट होते. मुंबईहून, दिल्लीहून समित्या यायच्या, पत्रकार यायचे, पांढऱ्या गाड्या गावात धूळ उडवायच्या आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना तेच ते प्रश्न विचारले जायचे. म्हाताऱ्यांची उत्तरं पाठ झाली होती. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते उत्तर देऊन मोकळे व्हायचे. या सगळ्या अभ्यासात एक गोष्ट कुणी लिहून घेतली की नाही कोण जाणे, पण घरोघरी चर्चा तिचीच होती. शेतकरी पोरांना कुणी मुली देत नव्हतं. पूर्वी सातबारा दाखवला की मुलगी मिळायची, आता तोच लपवावा लागायचा. चपराशी चालेल, कंडक्टर चालेल, पण शेतकरी नको. आणि असं म्हणणारे मुलींचे बाप स्वतः शेतकरीच असायचे.

दादा दर्यापूरकडच्या आमच्या गावी शेती करायचा. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. सुपारीचंही व्यसन नाही, दिसायला बरा, केस अजून जागेवर. वय मात्र असं झालं होतं की कुणी विचारलं की आईला खोकला यायचा. मी त्याच्याहून धाकटी, पण लग्न होऊन अकोल्यात राहायचे. माझे हे सरकारी कार्यालयात बसतात. ‘काम करतात’ असं मी मुद्दामच लिहीत नाही.

दादाची एकच हौस होती, ती म्हणजे त्याची गाडी. अमरावतीच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली जुनी टर्बो डिझेल. डॉक्टरांनी ती इतकी सांभाळून चालवली होती की आपल्याला टर्बो आहे, हे तिला स्वतःला दादाकडे आल्यावरच कळलं असावं. हिवाळ्यात ती अशी पळायची की मागे बसलेली आई सगळा रस्ता देवाचं नाव घ्यायची. उन्हाळ्यात मात्र तिचा जीव जायचा. एसी लावला, त्यात आमचे मामा पुढच्या सीटवर बसले, की ती ट्रॅक्टरच्या मागे मुकाट चालायची. मामा म्हणजे आईचे भाऊ. बाबा गेल्यावर दादाचं लग्न जमवायचा मक्ता त्यांनी घेतला होता आणि वजनानं ते दोन माणसांना भारी होते.

अशाच एका उन्हाळ्यात आम्ही तिवशाला मुलगी पाहायला गेलो. वाटेत गाडी पुलाचा चढ चढेना म्हणून एसी बंद करावा लागला. पोचलो तेव्हा दादाचा इस्त्रीचा शर्ट पिळून वाळत घालण्याच्या लायकीचा झाला होता. आठवड्यानं मध्यस्थाकडून निरोप आला, मुलगा वावरातून थेट उठून आल्यासारखा वाटला म्हणे. आम्हा सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. दोष घामात नव्हता, सातबाऱ्यात होता. पण दादानं तो घामावर घेतला. माणूस आपला दोष जिथं दुरुस्त करता येईल तिथंच शोधतो, आणि दादाला गाडी दुरुस्त करता येत होती.

त्याचं गणित असं. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. कोंबलेली हवा तापते, तापली की विरळ होते, आणि विरळ हवेवर इंजिन दमतं. म्हणून मध्ये इंटरकूलर असतो, पातळ पत्र्यांची जाळी. तिच्या आतून ही तापलेली हवा जाते आणि बाहेरून वारा लागून ती गार होते. ज्यानं कुणी हे बनवलं त्यानं वारा थंड असतो असं गृहीत धरलं. तो मे महिन्यात अकोल्याला आलेला नसणार. दादाला वाऱ्याच्या जागी पाणी हवं होतं. जाळीभोवती पाणी खेळवायचं, ते तापलं की पुढच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरवून आणायचं, आणि वर बर्फ टाकायचा.

मी म्हटलं, ‘‘वाऱ्यानं होत नाही ते पाण्यानं कसं होईल?’’

‘‘हात पोळला त फुकत बसशीन का पान्यात घालशीन?’’ दादा म्हणाला. मी चहा टाकायला गेले.

हे काम करून द्यायला त्यानं अकोल्यातले रेडिएटरचे एक मिस्त्री शोधले. त्यांच्या घराण्यात आधी भांड्यांना कल्हई करायचे, मग बंब दुरुस्त करायला लागले, मग रेडिएटर. नम्रपणा हा पार्ट त्यांच्या दुकानात मिळत नसे. दादाचं सगळं ऐकून घेऊन ते मला म्हणाले, ‘‘ताई, पूरे अकोले में इंजिनले पानी मैंच पिलाता. आता हवाले बी पिलाऊ. तुमारा भाऊ पागल है के हुशार, वो गाडी चलेगी तब समझेगा.’’

त्यांनी जुना इंटरकूलर उतरवला, त्याच्याभोवती ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पेटी बनवली आणि पाणी आत-बाहेर जायला दोन नळ्या काढल्या. पुढच्या बाजूला लावायचा छोटा रेडिएटर म्हणून त्यांनी भंगारातला एक गाडीचा हीटर दिला. अकोल्यात गाडीच्या हीटरला कुत्रंही विचारत नाही, त्यामुळे भंगारात ते अगदी नवेकोरे मिळतात. एवढं झाल्यावर पेटी गळते का ते बघायला मोठी टाकी हवी होती. दुकानात ती नव्हती. माझ्या घरी होती.

हे दुपारी कार्यालयातून जेवायला आले तेव्हा कूलर बंद होता, त्याच्या जाळ्या अंगणात पडल्या होत्या, आणि खालच्या टाकीत पेटी बुडवून माझा भाऊ आणि एक अनोळखी गृहस्थ गुडघ्यांवर बसून नळीतून फुंकर मारत होते. पाण्यात बुडबुडे येत होते. यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘‘लग्नाचं चाललंय.’’ सरकारी नोकरीचा एक फायदा असतो, माणूस फार प्रश्न विचारत नाही. हे घामाघूम अवस्थेत भाकरी खाऊन परत गेले. पेटी तीन ठिकाणी गळत होती. मिस्त्रींनी दोष पत्र्याला दिला, मग वेल्डिंगच्या दांडीला, मग माझ्या कूलरला, आणि दुसरी पेटी बनवली. ती गळली नाही.

आता पाणी फिरवायला मोटर हवी. कूलरची मोटर घरच्या विजेवर चालते, गाडीच्या बॅटरीवर नाही. तेव्हा दादाला सुचलं की फवारणीच्या बॅटरी पंपातली मोटर अगदी बारा व्होल्टची असते. ज्याच्या पाठीवर निम्मा पावसाळा तो पंप असतो त्याला हे सुचणार नाही तर कुणाला सुचेल. त्यानं दर्यापूरच्या कृषी केंद्रातून कोरी, खोक्यातली मोटर आणली. पाण्याच्या टाकीचा प्रश्नही त्यानंच सोडवला. लग्नकार्यात थंड पाण्याची असते तशी निळी, जाड, खाली तोटी असलेली कॅन घेतली. बर्फ तिच्यात दिवसभर टिकतो. झाकणाला भोकं पाडून दोन नळ्या आत सोडल्या, कॅन डिक्कीत पट्ट्यानं बांधली, शेजारी मोटर बसवली. तोटी काढून बूच मारू का, असं मिस्त्रींनी विचारलं. दादा म्हणाला, राहू द्या, पाणी बदलायला बरी पडेल.

आमच्या गावचं पाणी खारं. कूलरच्या जाळीवर एका उन्हाळ्यात भिंतीसारखा पांढरा थर बसतो, तर त्या बारीक पत्र्यांचं काय होईल म्हणून मिस्त्रींनी ताकीद दिली होती, गाडीत फक्त फिल्टरचं पाणी. मग दादा गाडीसाठी दर्यापूरहून फिल्टरचं पाणी आणू लागला.

‘‘मानसं खारं पानी पिऊन राहिली अन गाडीले फिल्टरचं,’’ आई म्हणाली. ‘‘तिलेच लाव मंग लग्नाची हळद.’’ बोलून ती थांबली नाही. दादा वावरात गेला की ती तोटीखाली पातेलं लावून चहाचं पाणी काढायची. चहा सुरेख व्हायचा. दादाला मात्र कळेना की सगळे जोड घट्ट असताना पाणी कुठं जातंय.

तरी एक गोष्ट मला मान्य करायलाच हवी. ते यंत्र चालायचं. भर दुपारी, एसी लावून, मामांना बसवून, आम्ही दर्यापूर-अकोला रस्त्यावर गाडी पळवली. आधी जो पाइप हात लावला की पोळायचा, तो आता दुधाच्या पेल्यासारखा हातात धरता येत होता. मामांनी थंडी वाजते म्हणून झोत खाली करायला सांगितला. दादाची मान जरा वर झाली होती. माझ्या भावाला मी असं फार वर्षांनी पाहत होते आणि मला फार बरं वाटलं.

आता स्थळ होतं मोर्शीकडचं. मुलीच्या वडिलांची संत्र्याची बाग, मुलगी डी.एड. झालेली. अर्थात त्यांनाही शेतकरी जावई नको होता. मामांनी मध्यस्थाला सांगून ठेवलं होतं, पोराचं अमरावतीला मशिनरीचं काम आहे. कसली मशिनरी ते मामांनी सांगितलं नव्हतं, कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं. दादाला हे मोर्शीच्या रस्त्यावर कळलं. तो म्हणाला, ‘‘मामा, खोटं काहून सांगतलं?’’

‘‘खोटं कुठी? हे काय मंग डिक्कीत?’’ मामा म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

अमरावतीला आम्ही बर्फाची लादी घेतली होती, ती फोडून कॅनमध्ये भरली होती. दारात उतरलो तेव्हा कुणाच्याही कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. मामा, आई, मी, आणि सगळ्यांत शेवटी दादा, कडक इस्त्रीत. मुलीकडच्यांनीही ते बघितलं. एवढ्या उन्हात ही माणसं इतकी टवटवीत कशी, असं मुलीचे काका खरंच म्हणाले. दादानं माझ्याकडे पाहिलं. तिवशाचा हिशोब त्याच्या दृष्टीनं तिथंच चुकता झाला होता.

आत लोडशेडिंग होतं. कूलर बंद, पंखे बंद, फ्रिजमधलं पाणी कोमट. दादाला आत बसवून मुलीच्या वडिलांनी शिक्षण, रास वगैरे विचारायला घेतलं. मामांना तो उकाडा सोसवेना. ते काकांना गाडी दाखवायच्या निमित्तानं बाहेर आले. मी दारात उभी होते. काका म्हणाले, या लाइटीनं थंड पाणीबी देता येत नाही पाहुण्यांले, लाज वाटते. झालं, मामांच्या छातीत औदार्य दाटून आलं. त्यांनी डिक्की उघडली.

वऱ्हाडात तोटीची निळी कॅन दिसली की माणूस पेला शोधतो. इथं तर खुद्द पाहुणाच घ्या म्हणत होता. मी थांबवायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मलाही तहान लागली होती. काकांनी दोन पेले रिचवले. शेजारचे दोघं आले, अंगणातल्या बायांनी तांब्या भरून नेला, आईनं सवयीनं आपला पेला भरून घेतला. वा, काय गार पाणी आहे, असं सगळे म्हणत होते आणि मामा जणू त्यांनीच विहीर खणली अशा थाटात उभे होते. कॅन तिरपी करावी लागेपर्यंत हे चाललं. कॅन तिरपी करायला काका खाली वाकले आणि त्यांना शेजारची मोटर दिसली.

संत्र्याच्या बागेवर फवारणी करणारा माणूस तो. त्यांनी कॅनमध्ये गेलेली नळी पाहिली, मोटर पाहिली, हातातला पेला पाहिला.

‘‘हे त फवाऱ्याची मोटर होय,’’ ते म्हणाले आणि तिथंच पायरीवर बसले.

त्या वर्षांत फवारणीचं औषध ही आमच्याकडे चेष्टेची गोष्ट नव्हती. कोणकोणत्या घरात ते कुलपात ठेवतात आणि का ठेवतात, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल कुणी बोलत नसे. त्यामुळे पुढचं जे झालं त्याला आज मी कितीही हसले तरी तेव्हा मीही घाबरले होते. अंगणात एकदम धावपळ उडाली. कुणी मीठ आणा म्हणालं, कुणी जीप बोलवा. काकांनी घशात बोटं घातली. शेजारच्या दोघांनी त्यांचं पाहून घातली. मामा, ज्यांनी थेंबही घेतला नव्हता, त्यांनीही मिठाचं पाणी पिऊन घेतलं, असावं म्हणून.

दादा आतून पळत आला. काय झालंय ते कळल्यावर तो आधी पांढरा पडला आणि मग मोठ्यानं म्हणाला, ‘‘काई होत नाई काका, मोटर कोरी हाये. खोक्यातून काढून लावली. वावरातल्या पंपाले जुनीच हाये माही.’’

लोकांना पटेना. तेव्हा त्यानं तांब्या घेतला, कॅन उलटी करून उरलंसुरलं सगळं पाणी त्यात काढलं, आणि सगळ्यांसमोर गटागटा पिऊन टाकलं. इस्त्रीच्या शर्टावर ओघळ आले. काकांनी तोंडातली बोटं काढली.

मुलीचे वडील दारात उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘‘वावरातल्या पंपाले म्हन्जे? तुमाले वावर हाये?’’

मामांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मिठाचं पाणी वर आलं आणि ते भिंतीकडे गेले. दादानं तांब्या खाली ठेवला.

‘‘शेतीच करतो मी,’’ तो म्हणाला. ‘‘मशिनरी म्हन्जे हे एवढीच.’’

आम्हाला हाकलून दिलं नाही. आमच्याकडे तशी रीत नाही. पाहुणा खोटारडा निघाला तरी पोहे खाऊनच जातो. उलट वडिलांनी दादाला ते यंत्र काय आहे ते विचारलं, आणि दादानं त्यांना बॉनेट उघडून सगळं समजावून दिलं. हातवारे करत, अगदी रंगून. मुलगी खिडकीतून बघत होती. तिनं मध्येच विचारलं की मोटर बंद पडली तर काय. दादा तिच्याकडे बघून म्हणाला, काही नाही, गाडी हळू चालते, थांबत नाही. त्या दिवशी त्या दोघांत एवढंच बोलणं झालं.

मी रिकाम्या बश्या घेऊन स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती माझ्या मागोमाग आली. काकांची फजिती आठवून तिला हसू आवरत नव्हतं. मलाही आवरेना. दोघी ओट्याला धरून हसलो. मला ती आवडली. ही घरी आली तर आईची काही खैर नाही, असं माझ्या मनात येऊन मला फार आनंद झाला.

मग तिनं बशी विसळता विसळता विचारलं, ‘‘ताई, तुमचे मिस्टर काय करतात?’’

‘‘सरकारी नोकरीत आहेत.’’

‘‘मंग तुमी केला असता का शेतकरी?’’

मला तिचा राग आला. इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि ही एक अनोळखी मुलगी हातात साबण घेऊन विचारत होती. मला दोन शेतकऱ्यांची स्थळं आली होती आणि दोन्हींना मी बघायच्या आधीच नाही म्हटलं होतं. नाही म्हणताना माझ्या बाजूनं बाबांशी भांडला होता तो दादाच. खोटं बोलणं सोपं होतं. मामांनी आठवडाभर बोलून दाखवलं होतं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिला त्या उत्तरावर अख्खा जन्म काढायचा होता.

‘‘नाही,’’ मी म्हटलं.

‘‘मले वाटलंच,’’ ती म्हणाली. रागावून नाही. बशी पुसून तिनं फळीवर ठेवली, आणि जाताना मला हळदीकुंकू लावून माझ्या ओटीत संत्री घातली.

परतीच्या वाटेला मी पुढे बसले. मामा मागे आडवे झाले होते, त्यांच्या घोरण्यात मिठाच्या पाण्याचा खरखरीत सूर लागला होता. आई खिडकीबाहेर बघत होती. अमरावती मागे पडेपर्यंत दादा खुशीत होता. मुलीचे वडील काय म्हणाले, तिनं मोटरचं कसं नेमकं विचारलं, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. मग त्यानं विचारलं, ‘‘आत काय म्हने ते पोट्टी?’’

मी ओटीतली संत्री मोजायला लागले.

‘‘सांग ना.’’

‘‘तिनं विचारलं, तुम्ही शेतकरी केला असता का.’’

‘‘मंग?’’

‘‘मी नाही म्हटलं, दादा.’’

त्यानं समोरच्या एसटीला बाजू दिली, आरशात बघितलं, गियर बदलला. मला वाटलं आता तो गाडी थांबवून मला खाली उतरवेल, आणि तसं केलं असतं तर मी उतरलेही असते.

‘‘बरोबर सांगतलं तू,’’ तो म्हणाला. ‘‘मी पोट्टी असतो त मीबी नसता केला.’’

मी भांडायला तोंड उघडलं. भांडण हे माझं एकमेव शिक्षण, कुठल्याही विषयावर मला कधी शब्द कमी पडलेले नाहीत. तो वळून माझ्याकडे बघत होता, मी काहीतरी बोलेन म्हणून. दर्यापूर येईपर्यंत मला एक वाक्य सुचलं नाही.